दोन शिट्या, दोन बावटे

शनिवारी शाळेची मॅच.
शिट्या दोन: एक माझी, एक तुळसकर सरांची.
बावटा कुणाच्याच हातात नाही.
कॅम्पाचं मैदान मधोमध कापलेलं, फणसासारखं,
अर्धं त्यांनी बघायचं, अर्धं मी,
ज्याला दिसेल त्याने फुंकायची.

तुळसकर सर एरवी इतिहास शिकवतात.
फाउल झाला की पोराला जवळ बोलावून सांगतात
पाय कुठे होता, बॉल कुठे,
जणू सनावळी.
पिवळं कार्ड मिळालेला बाहेर जाऊन बाकावर बसतो,
नाडी सोडतो, नाडी बांधतो,
थोड्या वेळाने परत आत येतो.
परत येता येतं,
हे फक्त शाळेत.

रविवारी क्लब.
शिट्टी एकच, माझी.
दोन बाजूंच्या चुन्याच्या रेघांवर दोन बावटे.
मी तिरका धावतो,
बंदराकडच्या कोपऱ्यापासून काजू फॅक्टरीच्या कोपऱ्यापर्यंत,
उलट्या वाऱ्यात शीड फिरवत जाणाऱ्या होडीसारखा.
उरलेले दोन कोपरे बावटेवाल्यांचे.
बावटा फक्त सांगतो.
ऐकायचं की नाही, ते माझ्यावर.

पाकिटात मला साडेतीनशे, बावट्याला दोनशे.
शनिवारी मात्र दोघांना सारखंच:
एक शहाळं, दोन बटाटेवडे,
आणि मुख्याध्यापिकाबाईंच्या सहीचा आभाराचा कागद.

असोसिएशनचे पेडणेकर म्हणतात,
एका होडीवर दोन तांडेल कशाला?
दोन शिट्या म्हणजे पोरखेळ.
मीही मान हलवायचो.

जानेवारीत शिरोड्याच्या शाळेशी सामना होता.
बॉल बरोबर मध्यरेषेवर, चार पाय त्यात गुंतलेले.
दोघांनीही एकदमच फुंकली.
सरांचा हात समुद्राकडे,
माझा बाजाराकडे.
बावीस पोरं जागच्या जागी,
दोन मोठी माणसं आता काय करतात ते बघत.
सर चालत आले. चष्मा शर्टाला पुसला.
म्हणाले, ‘तुझा बरोबर आसा. माका पाय दिसलो नाय.’
आणि हात खाली.
फ्री किक गेली ती त्यांच्याच शाळेविरुद्ध.

एवढंच.
पुढे काय झालं, कोण जिंकलं,
आता आठवतही नाही.

फेब्रुवारीत क्लबांची फायनल,
दर्यावर्दी विरुद्ध उभादांडा.
समुद्राकडच्या रेघेवर इनास सोज,
आठवडाभर जाळी विणणारा माणूस,
डोळा असा की पाण्याच्या रंगावरून मासा सांगेल.
सूर्य सुरूच्या झाडांत उतरलेला,
इनासचा बावटा नारिंगी, मागचं आभाळ नारिंगी.
दर्यावर्दीचा गोल झाला.
मी मध्याकडे बोट दाखवलं.
दोन हजार माणसं ओरडत होती, काही माझं नाव घेऊन.

बावटा दिसला नाही, असं मी कमिटीला लिहून दिलं.
दिसला होता.
उशिरा, पण दिसला होता.
बॉल मध्यावर ठेवलेला, खेळ अजून सुरू व्हायचा होता,
नियमाप्रमाणे हात मागे घ्यायला वेळ होता.
इनास एकटा उभा, दांडा सरळ वर,
भरतीची खूण लावलेल्या खुंटासारखा.
मी त्याच्याकडे पाठ केली
आणि शिट्टी फुंकली.

नंतर, नळावर पाय धुताना तो म्हणाला,
‘बावटो वर होतो माझो.’
बांगड्याचा भाव सांगावा तशा आवाजात.
मी पाकीट पुढे केलं.
त्याने दोनशे मोजले,
बावटा गुंडाळून सायकलच्या कॅरियरला लावला
आणि अंधार पडायच्या आत घरी गेला.

पुढच्या शनिवारी परत शाळा.
टॉसच्या आधी तुळसकर सरांनी विचारलं,
‘आज खंयचो अर्धो घेतंस?’
मी म्हटलं, कुठलाही.
शिट्टी ओठांत धरली तर आवाजच नाही,
नुसती हवा.
आतला मणी खाऱ्या वाऱ्याने चिकटलेला.
तळव्यावर दोनदा आपटली.
पोरं वाट बघत होती.
तिसऱ्यांदा आपटली, तेव्हा वाजली.