साडू

नोटीस मुंबईहून आली, एकोणीस पानांची,
आणि मी वाचत होते तेवढ्यात तिसरं गेट पडलं.
मालगाडी संपेपर्यंत ऑफिसच्या काचा थरथरत राहिल्या.
परिच्छेद चौदावर बोट ठेवून मी थांबले.

परिच्छेद चौदा विचारतो:
फंडाने उद्यमबागेतल्या फाउंड्रीत नऊ कोटी घातले,
त्या फाउंड्रीचा मालक आणि फंडाचे व्यवस्थापक
यांच्यात काही नातं आहे काय?
एकवीस दिवसांत कळवावे.

मुतगेकर साहेब हसले.
"ह्या गावात कोण कुणाचा पाव्हणा नाही, सांग बघू?
शहापुरात डोळे झाकून दगड मारलास
तर माझ्या नाहीतर तुझ्या चुलत्याला लागतोय."

बंगळूरच्या वकिलांनी फोनवर व्याख्या वाचली.
नवरा, बायको. आई, बाप. मुलगा, सून.
मुलगी, जावई. भाऊ, बहीण.
सावत्रसुद्धा धरलेत, कायदा तसा मनाने मोठा.
बायकोच्या बहिणीचा नवरा?
पान उलटल्याचा आवाज आला.
"यादीत नाही, मॅडम. आपण सुटलो."

मूळ इंग्रजी मसुद्यात त्याला शब्दच नाही.
दर तिमाहीला मीही लिहून देत आले:
हितसंबंधांचा संघर्ष, निरंक.
निरंक. धुतलेल्या पाटीसारखा शब्द.
खाली सही, शर्वाणी होनगेकर, अनुपालन अधिकारी.

पण मी त्या मांडवात होते ना.
दोघी बहिणी, एकच अक्षता, सांबऱ्याच्या कार्यालयात,
आणि दोघे नवरदेव एकाच शेरवानीच्या दुकानातून आलेले.
मागच्या लक्ष्मीपूजनाला ह्याच टेबलावर
एका खोक्यातला कुंदा दोघांनी एकाच चमच्याने संपवला,
बाजूला नऊ कोटींचा प्रस्ताव, त्यावर तुपाचा डाग.
तो डाग स्कॅनमध्येही आलाय. पान सहा.

फाउंड्री वाईट नाही, हे सांगायला हवं.
भट्टी रात्रंदिवस चालते, ऑर्डरी आहेत.
कदाचित फायदाच होईल सगळ्यांचा.
पण परिच्छेद चौदा फायद्याबद्दल विचारत नाही.

डॉक्टर काकतकरांनी डोळ्यांचा दवाखाना विकून पैसे दिले.
खानापूरचे रोझारिओ बावीस वर्षं जहाजावर होते.
चौसष्ट पानांच्या करारावर
प्रत्येक पानाखाली त्यांनी सही केली,
एक ओळ न वाचता, फक्त मला विचारलं,
"तुम्ही बघितलंय न्हवं?"
बघितलंय, म्हणाले होते मी.

प्रतिज्ञापत्र घेऊन कोर्टाच्या आवारात गेले.
ईरय्या नोटरींनी चष्मा कपाळावर सरकवला:
"अवरु इवरिगे एनागबेकु?"
हा त्याचा कोण?
साडू, मी म्हणाले. काही नाही, साडू.
"ओ, षड्डक!"
शिक्का शाईवरून उचलला होता,
तो हवेतच राहिला.
"मग इथं 'नातं नाही' असं का लिवलंय, बाई?"

काय सांगणार.
पेट्रोल पंपावरच्या पोराला कळतं, भाजीवालीला कळतं,
ह्या जिल्ह्यात मराठीत शब्द आहे, कानडीत शब्द आहे,
आणि आम्ही तिसऱ्या भाषेच्या वळचणीला
कोरडे उभे.

शिक्का न घेता परत आले.

आज अठरावा दिवस.
साहेब घरी गेले, जाताना म्हणाले,
"वकिलांचं ऐक, शहाणपणा करू नको."
त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.
मी उत्तर नव्याने टाइप करायला घेतलं,
इंग्रजीतच, आणि नात्यापाशी येऊन अडले.
मग अक्षरं बदलली आणि देवनागरीत टाकलं: साडू.
त्याच्याखाली लगेच तांबडी नागमोडी रेघ.

यंत्र विचारतं, चूक सुधारायची का,
पर्याय देतं: साधू, साडी, झाडू.
आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात:
शब्दकोशात जोडा.

गेट परत पडलंय.
गाडी जाऊ दे, मग दाबते.