भुईकोट

आमच्या गावाला चढ नाही.
किल्लासुद्धा भुईकोट,
जमिनीवर मांडी घालून बसलेला.
म्हणून मी आणि नरसय्या यन्नम
पाण्याच्या टाकीला डोंगर म्हणायचो.

एकशे बारा पायऱ्या.
नरसय्याच्या हिशेबानं एकशे अकरा.
वॉचमनला दर रविवारी तंबाखूची एक पुडी.
खांद्यावर चादरींचा गठ्ठा, दहा नगांचा,
त्याच्या शेडमधून उसना आणलेला,
घाम लागू नये म्हणून प्लॅस्टिकात बांधलेला.
मे महिन्यात पहाटे पाचलाही
लोखंडी कठडा आदल्या दुपारचा राग धरून असायचा.
तो तेलुगूत मोजायचा, ओकटी, रेंडू, मूडू,
मी मराठीत,
आणि वर पोचल्यावर भांडण.

वरून काय दिसायचं?
साखर पेठेची पत्र्याची छपरं,
थंड पडलेल्या गिरणीची चिमणी,
तळ्याचा एक तुकडा,
आणि पुढं परातीसारखं सपाट, थेट अक्कलकोटकडं.
खालून कुणीतरी ओरडायचं,
काय करलालाव बे टाकीवर?
नरसय्या कठड्यावरून वाकून सांगायचा,
श्वास घ्यायला शिकलालो.

खोटं नव्हतं ते.
बावीस वर्षं मागावर काढलेला माणूस.
डॉक्टर म्हणाले, छातीत कापूस साचलाय.
हा म्हणाला, मग पिंजून काढू की.

आणि मग ती शर्यत. अकरा हजार फूट.
तिथली हवा काटा मारून देतात.
छातीभर मागावी तर मूठभर हातात येते,
आणि तक्रार करायला दुकानदार नाही.
आठ फुटी फळ्यांची भिंत आली,
नरसय्यानं बोटं गुंफून माझ्यासाठी पायरी केली.
चिखलाचं भुयार आलं. बर्फाच्या पाण्याचा हौद आला,
ज्यात मी माझ्या आईला नावानं हाक मारली.
वाळूचं पोतं आलं,
ते चादरींपेक्षा हलकं होतं
आणि त्याला डाग लागायची भीती नव्हती.

मग दोरांची जाळी.
सगळे खाली मान घालून सरपटलेले
आणि हा मध्येच उताणा, हात वर.
काय बघलालास बे? मी ओरडलो.
गाठ सुटलीया.
चौदा माणसं आमच्या अंगावरून पुढं गेली.
शिट्टीवाला पोरगा शिट्टी फुंकून दमला.
नरसय्यानं निळी पडलेली बोटं तोंडात घालून गरम केली,
दोराची दोन टोकं जुळवली,
तुटलेला ताणा सांधावा तसं
एकदा फिरवून, आतून काढून, ओढलं.
मग ओढून पाहिलं.
मग अजून एकदा.
चल, म्हणाला. आता कुणाचा पाय अडकायचा नाही.

शेवटच्या चढावर मीच बसलो.
खिशात शेंगाचटणी होती, कडक भाकरीचा तुकडा होता,
गिळायला थुंकी नव्हती.
धीर बिर त्यानं काही दिला नाही.
चार पावलं पुढं उभा राहून नुसता मोजत राहिला.
बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं
की मी चालतोय
आणि तेलुगूत मोजतोय.
मला दहापर्यंतच येतं.
पदी झालं की पुन्हा ओकटी.
असे किती दहा झाले, ते त्यालाच माहीत.

पदक मिळालं तेव्हा त्यानं ते उलटंसुद्धा केलं नाही.
पट्टी तेवढी चिमटीत धरून चोळली,
रंग कच्चा आहे म्हणाला, दोन धुण्यांत जाईल.

परतल्यावर पहिल्याच रविवारी पुन्हा टाकी.
पुन्हा एकशे बारा, पुन्हा एकशे अकरा.
या वेळी दम होता, म्हणून भांडायच्या ऐवजी विचारलं,
तू सुरुवात कुठून करतोस?
पहिल्या पायरीपासून. तू?
मी जमिनीपासून.
त्यानं कठड्यावरून खाली पाहिलं.
वॉचमन, त्याची खुर्ची, आमच्या दोन चपला जोड्या,
आणि ती परात, उन्हानं तापायला लागलेली.
जमीन पण धरायची का बे, म्हणाला,
आणि खाली उतरताना
शेवटचं पाऊल टाकून, थांबून,
पहिल्यांदाच मराठीत म्हणाला,
एकशे बारा.

वॉचमन म्हणाला, पुडी?
दोघंही विसरलो होतो.