सातव्या होलवर

मासळीच्या शीतगृहाचे हिशेब तपासायला आलो होतो,
तीन दिवसांचं काम दोन दिवसांत आटपलं.
विमान परवा. गावात एक बेकरी, एक चर्च
आणि रात्री साडेनऊला
पडद्याच्या फटीतून उशीवर येऊन बसणारं ऊन.

लॉजवाली म्हणाली, गोल्फ खेळता?
खेळतो. रविवारी. वाईट.
मग चला, ती म्हणाली,
वाईट खेळणाऱ्यांसाठीच बांधलाय तो.

राग्नहेइदुर तिचं नाव,
दोनदा विचारून घेतलं, तिसऱ्यांदा लाज वाटली.
हिवाळ्यात शाळेची बस चालवते,
उन्हाळ्यात नऊ होलांचं गवत कापते.
पैसे टाकायला खांबाला लटकवलेला
बिनकुलपाचा टपालाचा डबा.
मी सवयीनं पावती मागितली.
ती इतक्या मोठ्यानं हसली
की कुंपणापलीकडच्या मेंढ्यांनी चरणं थांबवलं.

खाली फ्योर्डचं पाणी, शिशासारखं जड.
पलीकडे बर्फाच्या चिंध्या पांघरून बसलेला डोंगर.
उसन्या काठीची मूठ
दुसऱ्याच कुणाच्या अंगठ्यानं झिजलेली,
माझा अंगठा त्या खळग्यात बसेना.
पहिलाच चेंडू लाव्ह्यात, शेवाळात.
शोधायला निघालो तर तिनं बाही धरली:
तिथं पाय नको. तुमचं पाऊल
माझ्या नातवंडांनाही दिसत राहील.
चेंडूवर पाणी सोडलं.

चौथ्यापाशी सुरयांची घरटी.
जे सगळ्यात उंच असेल त्यावर चोच मारतात म्हणे,
म्हणून काठ्या डोक्यावर उभ्या धरून
आम्ही दोघं चाललो,
मिरवणूक चुकलेल्या भालदार-चोपदारांसारखे.

आणि मग सातवा.
मध्ये खाडीचा तुकडा, पलीकडे तळहाताएवढं हिरवं.
काय झालं सांगता येणार नाही,
खांद्यानं डोक्याला विचारलं नाही एवढं खरं.
चेंडू वर गेला, उन्हात दिसेनासा झाला,
आणि उतरला तो निशाणापासून
वीतभर.

तिनं टोपी काढली. मी काहीच बोललो नाही,
असल्या वेळी काय बोलतात ते कधी लागलंच नव्हतं.

तेवढ्यात तो आला. डोमकावळा,
कोंबड्याएवढा, घाई नसलेला.
चेंडूभोवती एक फेरी मारली,
चोचीत धरला, आणि गेला डोंगराकडे.

आमच्याकडे, मी तिला सांगितलं,
कावळा शिवावा म्हणून माणसं
भाताचा गोळा ठेवून हात जोडून उभी राहतात,
तासन् तास, नाही नाही ती वचनं देत.
ती म्हणाली, याला आम्ही बँकवाला म्हणतो.
नेतो, परत देत नाही.
माझ्या नवऱ्याची बोट गेली ना,
त्या वर्षापासून.

ते वर्ष मला माहीत होतं.
त्या वर्षीचे ताळेबंदही.
जुळत होते. दोन्ही बाजू, शेवटच्या आकड्यापर्यंत.
खाली सह्या होत्या,
माझ्यासारख्यांच्या.
वारा आला तशी तिनं टोपी पुन्हा कानांवर ओढली.

नियमानं नवा चेंडू जागच्या जागी ठेवायचा, दंड नाही.
पण जागा कुठली?
वीत की दीड वीत?
गवतावर खूण नाही.
तीस वर्षं लोकांच्या ‘अंदाजे’खाली
लाल रेघा ओढल्या,
आणि आता गुडघ्यांवर बसून
हिरव्यात बोट फिरवतोय.
शेवटी दोन विती लांब ठेवला.
आणि चुकलो.
डावीकडून, केसभर.

नववा संपला तेव्हा बारा वाजायला आले होते.
सूर्य पाण्याला टेकला, विचार बदलला,
तसाच आडवा सरकत राहिला.
थर्मासमधली कॉफी, तिनं आणलेला राईचा पाव,
वर गार लोणी.
कार्डावर पेन्सिल टेकवून तिनं विचारलं,
सातव्याला किती?
लिहा, म्हटलं.
अंदाजे तीन.

परवा विमान वळलं तेव्हा खिडकीशी होतो.
काळ्या खडकांत पांढरे ठिपके:
मेंढ्या, अंडी, चेंडू, काय ते.
चारपर्यंत मोजले.
मग ढग आला.