फोटोत वाचक किती

नागपूरच्या प्रदर्शनात तो तीन दिवस भिंतीवर होता,
काळा-पांढरा, दीड बाय दोन फूट,
आणि मी खाली उभा, पाहुण्यासारखा,
हातात निवलेला चहा.

एक बाई म्हणाल्या, बघा, टेबलावर ज्ञानाचं धुकं.
एक सर म्हणाले, वाचनसंस्कृतीची शोकसभा आहे ही.
दाढीवाला एक पोरगा बराच वेळ वाकून पाहत राहिला,
मग मित्राला म्हणाला, हात कोणाचा रे? बाकी माणूस कुठाय?
मी बोललो नाही काही.

आधी उजेडाचं सांगतो.
तो तिरपा झोत, ज्याला सगळे दैवी म्हणाले,
एका कवेलूच्या जागेतून आला.
कवेलू वानरांनी पाडलं होतं चिंचेवरून उतरताना,
नवीन चढवायचा ठराव ग्रामपंचायतीत पडून होता.
झोतात तरंगते ती धूळ नाही, कोंडा आहे,
शेजारच्या राइस मिलचा.
आमच्याकडे पुस्तक उघडलं की आधी फुंकर मारतात,
मग वाचतात.

लाइन गेलेली. तपासणीचे साहेब सोमवारी येणार.
ग्रंथपाल लांजेवार सायकलनं दोनदा माझ्या स्टुडिओत येऊन गेले:
वाचक दिसले पायजे बाबू, भरपूर. नाही तं अनुदान जाते.
वाचक होते ना. अकरा.
बहुतेक पोलीस भरतीची पोरं,
त्यात रेवनाथ, ज्याला पाय हलवल्याशिवाय गणित सुटत नसे.
मी कॅमेरा स्टँडवर लावला, शटर उघडं ठेवलं
आणि मनात मोजायला लागलो. चाळीसपर्यंत जायचं होतं.

नऊवर एसटीचा हॉर्न वाजला.
पेपर आला! यादी आली! कोणीतरी ओरडलं,
खुर्च्या मागे सरकल्या, बाक आडवा झाला,
एक चप्पल राहिली
आणि सगळी खोली दारातून बाहेर गेली.
मी थांबायला हवं होतं.
पण रोलमधली शेवटची फ्रेम. मोजत राहिलो.

तर धुकं म्हणजे हे:
डावीकडची पांढरी रेघ, रेवनाथचा शर्ट.
मधला धूर, दोघे कोसरे भाऊ, एकमेकांत मिसळलेले.
दाराशी उजळ डाग आहे तो बाळबुधे.
यादीत त्याचं एकट्याचं नाव निघालं.
बाकीचे परत आत आले तेव्हा फोटो संपला होता.

ठळक आले ते लांजेवार.
फोटोत श्वास घ्यायचा नसतो, असं कोणी लहानपणी सांगितलेलं,
म्हणून गाल फुगवून, रजिस्टर छातीशी धरून,
चाळीसच्या चाळीस आकडे उभे.
मग खोकत खोकत म्हणाले, मी नाही हाललो न?

साहेबांनी फोटो फाइलला लावला.
शेरा: वाचक एक. तोही कर्मचारी.
वर्ग ड होता, त्याच्याखाली अक्षर नाही,
म्हणून वर्ग राहिला, पैसे अडले.

आणि तो हात.
फुलवंता उईकेचा.
उंचीत दोन सेंटिमीटर कमी भरली होती ती,
यादीत तिचं नाव असणारच नव्हतं.
तरी मान दाराकडे वळली, मग खिडकीकडे, मग पानावर, परत दाराकडे,
म्हणून चेहरा आला नाही, ओल्या फडक्यानं पुसल्यागत झाला.
बोट हललं नाही.
ओळ सुटू नये म्हणून ठेवलेलं,
मोहफुलं वेचून काळं पडलेलं नख,
इतकं स्वच्छ की भिंग लावलं
तर बोटापुढचा अर्धा शब्दही लागतो: ‘…पर्यंत’.
कोणतं पुस्तक, लांजेवारांना आठवत नाही.
ती घरी कधी नेत नव्हती,
तिथंच वाचून, होतं त्या जागी ठेवून जायची.

तिसऱ्या दिवशी प्रदर्शन उतरवताना
दाढीवाला पोरगा जिन्यात भेटला.
मी त्याला थांबवलं.
बाकी माणूस आहे, म्हटलं. ते हलत होतं.