धडा

काउंटरवर दोन कॅमेरे.
एक दोन हजार सहाचा, सीसीडीचा,
रबर सुटलेलं, पोटाला चिकटपट्टी.
दुसरा काल नांदेडहून आलेला, सीमॉस,
अजून खोक्याचाच वास येतो त्याला.

मुनव्वरभाई बिदरला जाताना चहाला थांबले.
मी विचारलं, आत नेमका फरक काय?
त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला
आणि दाराबाहेर बोट केलं.

बाहेर उदगीरचा मोंढा. तुरीची आवक.

"या जुन्यात उजेडाची लाखो पोती भरतात,
पण काटा एकच, पार कोपऱ्यात.
पोतं या हातातून त्या हातात,
त्या हातातून पुढच्या,
सरकत सरकत मापाऱ्यापुढं.
नव्यात पोत्यागणिक काटा.
जाग्यावर तोल, जाग्यावर आकडा सांग."

अप्पा बाकावर बसून ऐकत होते.
चाळीस वर्षं मापारी.
अजून चिल्लर मोजतानाही एक म्हणत नाहीत.
लाभ, दोन, तीन.

"हातोहात देताना सांडत असंल की."
"सांडतं थोडं."
"मंग झाडून कोन नेतं?"
मुनव्वरभाई हसले.
मला हसू आलं नाही.
कौसाआत्या याच मोंढ्यात खराटा घेऊन फिरायची,
सांडलेल्या तुरीवर तिची दोन पोरं दहावी झाली.

मग दोन्हींनी अप्पांचा फोटो काढला.
जुन्यात कातडी खरी, तांब्यासारखी,
पण आरशातला बल्ब उतू गेला.
वरपासून खालपर्यंत पांढरी रेघ,
एक पोतं फुटावं आणि अख्खी रांग भरावी तशी.
नव्यात दार लोटलं तरी
कपाळावरच्या विभूतीचे तीन पट्टे वेगवेगळे,
भुवईतला केस न् केस.
मात्र डोक्यावरच्या पंख्याची पाती
विळ्यासारखी वाकलेली.
हा ओळीओळीनं वाचतो म्हणे,
शेवटच्या ओळीला पोचेस्तोवर पंखा पुढं गेलेला.

अप्पांनी दोन्ही फोटो लांब धरून पाहिले,
स्वतःला पाहिलंच नाही.
"एवढे लाख काटे. समदे खरे?"
"नाही अप्पा. प्रत्येकाची थोडी थोडी खोट."
"मंग आमचा बरा व्हता.
खोट व्हती, पर एकच.
पाटलाच्या पोत्याला तीच, सालगड्याच्या पोत्याला तीच."

मुनव्वरभाई जरा गप्प झाले.
चहावर साय धरली होती, ती बोटानं काढली.
"म्हणून हा आधी रिकामाच तोलतो.
उजेड पडायच्या आधी
कुठला काटा किती झुकतो ते टिपून ठेवतो,
मग भरल्यातून तेवढं वजा."

"हात्तिच्या," अप्पा म्हणाले, "धडा करतो म्हन की."
आणि पहिल्यांदाच
नवा कॅमेरा त्यांनी हातात घेतला,
तळव्यावर तोलून पाहिला.

बिदरची गाडी गेली. मोंढा उठला.
शटर अर्धं ओढून
मी भिंगाला झाकण लावलं आणि अंधाराचा फोटो काढला,
तीस सेकंद.
पडद्यावर काळं. मोठं करत गेलो, काळंच.
मग उजव्या कोपऱ्यात एक लाल ठिपका,
कुणीच न पाठवलेला.

अप्पा खांद्यावरून वाकून बघत होते.
"लाभ," म्हणाले,
आणि थांबले,
दोनची वाट बघत.