एक्स्टेन्शन एकशे चार

अजमान, इंडस्ट्रियल एरिया, दुपारचे दोन.
जुना फोन काल मुकादमशेठनी उचलून नेला,
टेबलावर धूळ नसलेला एक चौकोन उरलाय.
आता कॉम्प्युटर हाच फोन, म्हणाले.

युजरनेम भरलं. पासवर्ड भरला.
सर्व्हरचा पत्ता दोनदा चुकला.
मग कोपऱ्यात हिरवा ठिपका उगवला
आणि शेजारी नाव: हनीफ तुंगेकर.
एकशे चार त्यांचंच होतं.
दाभोळला परत जाऊन वर्ष होत आलं त्यांना.
नाव बदलायचा पर्याय मला सापडला नाही.
खरं तर फार शोधलाही नाही.

माझ्याच मोबाइलवरून ऑफिसला फोन लावून पाहिला.
स्क्रीनवर माझा नंबर आला,
रिंग मात्र नाही.
आवाज, परवानग्या, सगळं पुन्हा तपासलं.
तेव्हा कळलं, पालथ्या पडलेल्या हेडफोनमध्ये
बारीक किणकिण चाललीय,
काडेपेटीत कोंडलेल्या भुंग्यासारखी.
सकाळपासून सात मिस्ड कॉल.

रिंग स्पीकरवर आणली, आवाज पूर्ण.
पहिला फोन फुजैराहून, जनरेटरच्या पट्ट्यांसाठी.
"हनीफभाई?"
"नाही, मी जुईली. बोला."
पलीकडे नुसता वारा, कुठेतरी ट्रक मागे घेतल्याची पिंपिं.
"कैसे हैं वो?"

आधी पट्ट्याचा साइझ लिहून घेतला.
मग सांगितलं, मजेत आहेत,
संध्याकाळी जेटीवर गळ टाकून बसतात.

हे मला कुणीही सांगितलेलं नव्हतं.