चार मिलिअँपिअर

आयसुलू, नेमणूकपत्र नीट घडी घालून ठेव.
त्यात अकरा कामं लिहिलीत, सगळी खरी:
देखभाल, मापनयंत्रांची तपासणी, नकाशे अद्ययावत ठेवणे,
सुट्या भागांची मागणी, आणि शेवटी ते एक,
‘वरिष्ठ सांगतील ती इतर कामे’.
कालच्या रात्रीचं काम त्यातलं कितवं,
मला अजून ठरवता आलेलं नाही.

पावणेतीनला इल्यासची हाक आली, जांभईसकट.
सेपरेटरची पातळी बासष्ट टक्के.
बरी आहे की, मी म्हटलं.
तो म्हणाला, संध्याकाळपासून तेवढीच बरी आहे.
स्क्रीनवर रेघ सरळ, इस्त्री फिरवल्यासारखी.
पातळी अशी नसते गं.
वायू आत घुसतो, तेल हिंदकळतं, झडप थोडी उघडते, थोडी मिटते,
जिवंत आकडा जरा थरथरतोच.
जो मुळीच हलत नाही
त्याच्याकडे बॅटरी घेऊन जायचं.

बाहेर उणे एकतीस. कॅस्पियनवरून येणारा वारा
हातमोज्यांची शिवण शोधत होता.
सादुआकासने नळीवर कान टेकला, का ते त्यालाच ठाऊक,
आणि म्हणाला, गोठलीय.
ही खोटं बोलत नाहीये, पोरी,
ही कालचं खरं सांगतेय.

नळीला ऊब देणाऱ्या तारेचा ब्रेकर पडला होता.
वर करून चहाला जाता येतं.
मी गेले होते एकदा, पहिल्या वर्षी.
ती गोष्ट तुला उन्हाळ्यात सांगेन.

म्हणून आधी इल्यासला सांगितलं, कंट्रोलर मॅन्युअलवर घे.
त्लेउबेकला काचेच्या गेजपाशी उभं केलं,
तो डोळ्यांनी पातळी वाचून वॉकीटॉकीवर ओरडायला लागला.
ब्रेकरला माझं लाल कुलूप, त्यावर माझा फोटो,
पाच वर्षांपूर्वीचा, तेव्हा केस लांब होते.
किल्ली माझ्या खिशात. दुसऱ्या कुणाच्याही नाही.
मग टेस्टर: आधी चालू तारेवर लावून बघायचा,
मग बंद तारेवर, मग पुन्हा चालू तारेवर.
मेलंय असं सांगणाऱ्याला
जिवंत काय ते ओळखता येतं ना,
हे दोन्ही बाजूंनी विचारून घ्यायचं.

जंक्शन बॉक्सचं ग्लँड सैल होतं, आत चमचाभर पाणी,
आता त्याचा बर्फ.
एवढ्याशा पाण्यापायी.
तार वाळवली, ग्लँड बदललं, कुलूप काढलं,
नळीवर चहासाठी उकळलेल्या दोन किटल्या ओतल्या.
सादुआकास चहाकडे बघत राहिला.

बासष्ट. बासष्ट.
चौसष्ट.
मग सत्तर, मग एकदम त्र्याऐंशी,
त्लेउबेक मघापासून ओरडत होता तोच आकडा.
इल्यासने झडप उघडली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
लॉगबुकात तीन ओळी,
त्यातली एक ग्लँडच्या मापाची.

आता तुझा प्रश्न. टाकी रिकामी असताना
तारेतून चार मिलिअँपिअर का पाठवायचे,
शून्य का नाही?
कारण तार तुटली की शून्यच येतं.
‘माझ्याकडे काही नाही’ असं सांगायलासुद्धा
थोडा करंट लागतो.
हे ज्याने ठरवलं त्याचं नाव मला माहीत नाही,
पण त्याच्या घरी कुणीतरी कमी बोलणारं असणार.

माझी आई मकातला एकटी असते.
रोज सकाळी सहाला एक रिंग देते आणि कापते.
मी उचलत नाही. पैसे कशाला घालवायचे, म्हणते ती.
एक रिंग: विशेष काही नाही, आहे.

सहा वाजून दहा झालेत.
थंडीत तिथला टॉवर कधी कधी बंद पडतो.
तू जरा स्क्रीनकडे लक्ष दे, आयसुलू,
रेघ हलतेय ना बघत राहा.
मी बाहेर जाऊन फोन लावून येते.